नावाच्या शेवटी 'न' हवा

'खाउजा' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला की वाटतं, कुणीतरी जेवायला बोलावतंय. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या तीन लांबलचक शब्दांची पहिली अक्षरं उचलून तो बनवलाय. कोल्हापुरात बिंदू चौकातल्या सभांतून आणि डाव्या चळवळीच्या पत्रकांतून तो इतका फिरला, की कित्येकांना त्याची फोड विचारली तर तीनातला एक शब्द हमखास आठवत नाही. इंग्रजीत या तिघांचा क्रम वेगळा: उदारीकरण आधी, मग खासगीकरण, मग जागतिकीकरण. आद्याक्षरं जुळवली की एलपीजी, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसची टाकी. तोच क्रम मराठीत ठेवला असता तर 'उखाजा' झालं असतं आणि त्यातून काहीच ऐकू आलं नसतं. पहिले दोन शब्द अदलाबदल केले आणि त्यातून 'खा' निघालं, 'खाऊ' निघालं, 'जा' निघालं. देश विकून खा आणि जा, हा टोमणा क्रमातच बसवला. हे ज्याला सुचलं त्याचा कान तयार होता.

पण या शब्दात एक गोष्ट नाही, ती म्हणजे माणूस. १९९१ सालची ही सगळी उलथापालथ पंतप्रधान नरसिंह राव यांच्या सरकारची. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं तारण म्हणून बँक ऑफ इंग्लंडकडे गेलं आणि २४ जुलैला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं 'मनमोहनॉमिक्स'. निर्णयाची राजकीय जोखीम घेतली रावांनी, अल्पमतातलं सरकार सांभाळलं रावांनी, पण शब्दात गेले मनमोहन. याची राजकीय कारणं सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्यातलं एक कारण निव्वळ कानाचं वाटतं. 'मनमोहन'च्या शेवटी न आहे. 'राव'च्या शेवटी नाही.

हा न किती महत्त्वाचा, ते कळायला हे शब्द कसे कापतात ते बघावं लागतं. 'इकॉनॉमिक्स' या शब्दाचं मूळ ग्रीक. 'ऑइकॉस' म्हणजे घर, 'नोमॉस' म्हणजे नियम किंवा व्यवस्था. घराची व्यवस्था ती इकॉनॉमी. म्हणजे खरा सांधा 'न'च्या आधी आहे आणि 'नॉमिक्स' हा तुकडा व्युत्पत्तीने बरोबर कापलेला आहे. आता रेगन घ्या. रेगनचा शेवटचा न आणि नॉमिक्सचा पहिला न एकमेकांवर बसतात, एक गळतो आणि जोड दिसतच नाही. देवनागरीत तर हे आणखी गमतीचं होतं. 'रेगन'मधल्या न वर ऑची मात्रा चढते आणि एकाच 'नॉ' अक्षरात अर्धा माणूस आणि अर्धं शास्त्र राहायला येतं. शिवाय वजन जुळतं. इ-कॉ-नॉ-मिक्स हे चार ठोके, रे-ग-नॉ-मिक्स हेही चार, आणि जोर दोन्हीकडे तिसऱ्यावर. ऐकणाऱ्याला मूळ शब्दाचा सांगाडा जसाच्या तसा ऐकू येतो, फक्त पुढचे दोन ठोके बदललेले. म्हणून अर्थ सांगावा लागत नाही.

त्यामुळे नियम असा निघतो: नाव उच्चाराने दोन ठोक्यांचं, शेवटी न. निक्सन, रेगन, क्लिंटन, बायडेन. अमेरिकेतली ही यादी बघा, पक्ष दोन्ही आहेत, विचार एकमेकांच्या उलटे आहेत, पण नावं सगळी नकारान्त. मध्ये फोर्ड आणि कार्टर होऊन गेले. त्यांच्या काळात महागाई कमी नव्हती आणि धोरणंही कमी नव्हती, पण त्यांचा असा शब्द काही रुळला नाही. नाव स्वराने संपत असेल तर पूर्ण 'नॉमिक्स' चिकटवता येतं: मोदीनॉमिक्स, आबेनॉमिक्स. एका ठोक्याचं नाव असेल तर मध्ये एक 'ओ' घुसडून चार ठोके भरून काढावे लागतात: ट्रम्पोनॉमिक्स, ट्रसोनॉमिक्स. हा 'ओ' म्हणजे दाराखाली घातलेली पाचर. दार बसतं, पण पाचर दिसते. रावांचं 'रावोनॉमिक्स' करून बघा, तोंडात घोळवलं की लगेच कळतं का चाललं नाही ते.

न्यूझीलंडमध्ये तर यासाठी आडनावच टाकून दिलं. १९८४ साली डेव्हिड लाँगी यांचं मजूर पक्षाचं सरकार आलं आणि अर्थमंत्री झाले रॉजर डग्लस. लाँगी पंतप्रधान, पण शब्द झाला 'रॉजरनॉमिक्स'. 'डग्लस' स ने संपतं, म्हणून पत्रकारांनी सरळ पाळण्यातलं नाव घेतलं. त्या शब्दाच्या पोटात काय होतं ते नेमकं सांगता येतं, हे मला त्याचं मोठं वैशिष्ट्य वाटतं. चलनाचं आधी २० टक्के अवमूल्यन आणि मार्च १९८५ मध्ये ते बाजारावर मोकळं. शेतीची अनुदानं जवळपास सगळी बंद. १ ऑक्टोबर १९८६ पासून १० टक्क्यांचा एकच जीएसटी. आणि प्राप्तिकराचा वरचा दर ६६ टक्क्यांवरून ३३ वर. आपल्याकडे जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि गुजरीतल्या सराफापासून लक्ष्मीपुरीतल्या धान्यवाल्यापर्यंत सगळ्यांनी वेगवेगळ्या दरांची कोष्टकं पाठ केली. तिथला जीएसटी एकाच दराचा होता, म्हणून तो अमलात आणायला सोपा गेला. कर जितक्या दरांचा, तितके वाद 'ही वस्तू कुठल्या रकान्यात' या प्रश्नावर, हे आता कुठल्याही कर सल्लागाराला विचारलं तरी तो सांगेल.

त्याच देशात पुढे रूथ रिचर्डसन अर्थमंत्री झाल्या आणि १९९१ मध्ये सामाजिक भत्त्यांना मोठी कात्री लागली. त्यांच्या वाट्याला नॉमिक्स आलंच नाही. 'युथनेशिया' म्हणजे दयामरण. त्यात रूथ बसवून लोकांनी 'रूथनेशिया' केला. रॉजरनॉमिक्समध्ये निदान शास्त्राचा आव आहे, इथे थेट तिरडी. जोडशब्दाचा दुसरा तुकडा कुठून आणला यावरून बनवणाऱ्याचा हेतू कळतो. ब्रिटनमध्ये २०२२ साली अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांचं 'कामिक्वासी' झालं ते याच रीतीने, कामिकाझे म्हणजे स्वतःसकट शत्रूवर कोसळणाऱ्या जपानी वैमानिकाशी त्यांचं नाव जुळवून.

ते प्रकरण बघण्यासारखं आहे, कारण इतक्या कमी दिवसांत जन्म आणि मरण झालेला शब्द दुसरा सापडणं कठीण. लिझ ट्रस ६ सप्टेंबर २०२२ ला पंतप्रधान झाल्या. २३ सप्टेंबरला क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार याचा हिशेब सोबत नव्हता, आणि स्वतंत्र अंदाजही मागवलेला नव्हता. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले. पौंड डॉलरसमोर आजवरच्या नीचांकाला गेला. खरी गोम मात्र वेगळ्याच ठिकाणी होती. तिथल्या पेन्शन फंडांनी रोखे तारण ठेवून व्यवहार केले होते. रोख्याचा भाव पडला की जादा तारण मागितलं जायचं, ते भरायला फंड आणखी रोखे विकायचे, म्हणजे भाव आणखी पडायचा. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला स्वतः रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, २० ला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. 'ट्रसोनॉमिक्स' हा शब्द आता धोरणाचं नाव म्हणून कुणी वापरत नाही, अपघाताचं नाव म्हणून वापरतात. आपल्याकडच्या 'पानिपत'सारखं.

रेगन यांचं उलट. त्यांच्या शब्दाला जे श्रेय चिकटलंय त्यातलं निदान अर्धं दुसऱ्याचं आहे. १९८० साली अमेरिकेत महागाई साडेतेरा टक्के होती. ती मोडली ती फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी, व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास नेऊन. या व्होल्करांना १९७९ मध्ये नेमलं होतं कार्टर यांनी! त्याची किंमत म्हणून १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. रेगन यांचं स्वतःचं काम करांचं: वरचा दर ७० टक्क्यांवरून आधी ५०, मग १९८६ च्या कायद्याने २८. सरकारी खर्चाची वाढ रोखायची, कर कमी करायचे, नियम सैल करायचे, पैशाचा पुरवठा आवरायचा, असे चार खांब सांगितले जात. करकपात झाली, खर्च मात्र, त्यातही संरक्षणाचा, आवरला नाही, आणि आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज जवळपास तिप्पट झालं. १९८२ मध्ये तर काही कर परत वाढवावेही लागले, ते या शब्दाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. १९८० च्या प्रचारात त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांनी या सगळ्याला 'व्हूडू इकॉनॉमिक्स' म्हटलं होतं, म्हणजे मराठीत मंतरलेल्या अंगाऱ्याचं अर्थशास्त्र. पुढे तेच बुश त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि तो शब्द त्यांना चावत राहिला. रेगन मात्र मिश्कील. आपला कार्यक्रम चालतोय हे मला कधी कळलं, तर लोकांनी त्याला रेगनॉमिक्स म्हणायचं सोडलं तेव्हा, अशा अर्थाचं ते म्हणत.

त्यांना हे नीट कळलं होतं. असे शब्द बहुतेक वेळा नावडत्या माणसाकडून किंवा बातमी विकणाऱ्याकडून येतात. ज्याच्या नावाचा शब्द, तो आधी दूर राहतो. जो बायडेन यांनी जून २०२३ मध्ये शिकागोच्या भाषणात 'बायडेनॉमिक्स' उघडपणे आपलासा केला. कारखान्यांतली गुंतवणूक वाढत होती, बेकारी कमी होती, आकडे बाजूचे होते. पण वर्षभरापूर्वी, जून २०२२ मध्ये, महागाई ९.१ टक्क्यांना टेकलेली. महागाईचा दर खाली आला म्हणजे भाव खाली आले असं होत नाही, भाव फक्त हळू वाढतात. दुकानात अंड्यांसमोर उभ्या असलेल्या माणसाला दर दिसत नाही, भाव दिसतो. त्या भावावर आता अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहून दिलेलं. हळूहळू त्यांच्याच पक्षाच्या लोकांच्या तोंडून तो शब्द उतरला.

शब्द अंगावर चांगला मिरवला तो जपानच्या शिंझो आबे यांनी. डिसेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि तीन बाणांचं धोरण आलं: मध्यवर्ती बँकेने मुबलक पैसा सोडायचा, सरकारने खर्च करायचा, आणि रचना सुधारायची. बाणांची कथा जपानी सरदार मोरी मोतोनारी याची. त्याने तीन मुलांना दाखवलं की एक बाण मोडतो, तीन एकत्र मोडत नाहीत. आपली म्हातारा, मुलगे आणि लाकडाची मोळी, तीच. गंमत शब्दात आहे. जपानीत 'नो' हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या चा-ची-चे सारखा. त्यामुळे जपानी कानाला 'आबे-नो-मिक्स' हे 'आबेंचं मिश्रण' असंही ऐकू येतं. ग्रीक सांधा आणि जपानी विभक्ती एकाच जागी येऊन बसली. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उभं राहून आबेंनी 'माझं आबेनॉमिक्स विकत घ्या' असं आवाहन केलं, दुकानदाराने आपल्या मालाचं करावं तसं. येन घसरला, शेअर वधारले. दोन वर्षांत २ टक्के महागाई आणायचं उद्दिष्ट मात्र हुकलं. (महागाई यावी म्हणून धडपडणारं सरकार ही आपल्याला न समजणारी गोष्ट, पण तिथे वर्षानुवर्षं भाव गोठलेले होते.) त्यातच एप्रिल २०१४ मध्ये उपभोग कर ५ वरून ८ टक्के केला आणि लोकांनी खर्चाचा हात आखडला. तीन बाण पुढे, आणि हा मागून आलेला चौथा.

थायलंडचे ताक्सिन शिनावात्रा २००१ मध्ये निवडून आले, तिथे 'ताक्सिनॉमिक्स'. तीस बातमध्ये (बात हे तिथलं चलन) दवाखाना, प्रत्येक गावाला दहा लाख बातचा फिरता निधी, शेतकऱ्यांच्या कर्जाला तीन वर्षांची स्थगिती. ताक्सिन म्हणजे मुळात आपला 'दक्षिण'. संस्कृत शब्द, शेवटी न च्याच घराण्यातला ण, बसला चपखल.

मराठी मात्र असं कापत नाही. आपला संधी दोन्ही शब्द शाबूत ठेवून कडा वितळवतो, समास विभक्ती गाळतो, शब्दाचा अर्धा धड फेकून देत नाही. 'खाउजा'तही अक्षरं वेचली आहेत, नाव तोडलेलं नाही. मोदीनॉमिक्स हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत येतो तो तयार माल म्हणून, आणि आला की मुद्रितशोधकापुढे अडचण उभी राहते. आडनाव आहे म्हणून दी दीर्घच ठेवायचा, पण शब्दाच्या मधोमध दीर्घ ईकार आला की डोळा अडखळतो. लिंग कोणतं? 'अर्थशास्त्र' मनात असेल तर 'ते', 'नीती' मनात असेल तर 'ती'. शेवटचा स अनेकवचनाचा समजून 'हे रेगनॉमिक्स फसले' असं अनेकवचनी क्रियापद लावणारेही आहेत. त्यातल्या त्यात बरं म्हणजे सामान्यरूप होत नाही, सरळ 'रेगनॉमिक्समुळे' म्हणून मोकळं होता येतं.

आपल्याला राज्यकर्त्याच्या कारभाराला त्याचं नाव द्यायचं झालं, तर आपण शेवटी एक 'ई' लावतो आणि काम भागतं. मलिक अंबरची जमीन महसुलाची पद्धत ती मलिकंबरी. आणि या सगळ्यांचा आजोबा म्हणजे 'तुघलकी'. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं. दोन-तीन वर्षांनी चांदीच्या टंक्याच्या किमतीला तांब्या-पितळेची नाणी चालवली. कल्पना मूर्खपणाची नव्हती, सरकारच्या शब्दावर चालणारा पैसा म्हणजे आजची आपली नोटच. चूक टांकसाळीत झाली. त्या नाण्यावर साध्या माणसाला ओळखू येईल अशी खूण नव्हती, धातू कुठल्याही तांबटाकडे मिळणारा. घराघरांत टांकसाळी निघाल्या, बाजाराने नाणं नाकारलं आणि शेवटी खजिन्याला खऱ्या-खोट्या सगळ्या नाण्यांच्या बदल्यात चांदी मोजावी लागली. साडेसहाशेहून जास्त वर्षं होऊन गेली तरी महानगरपालिकेने एखादा रस्ता अचानक एकेरी केला की पापाच्या तिकटीवर कुणीतरी म्हणतोच, 'हा तुघलकी कारभार झाला.' बायडेनॉमिक्सला दीड वर्ष टिकता आलं नाही.

म्हणून एखादा नॉमिक्स समोर आला की तीन गोष्टी तपासाव्यात. तो आधी कुणाच्या तोंडी आला: विरोधकाच्या, दलाली पेढीच्या की खुद्द नेत्याच्या? चीनचे तेव्हाचे पंतप्रधान ली ख छ्यांग यांचं 'लीकोनॉमिक्स' २०१३ मध्ये बार्कलेज बँकेच्या विश्लेषकांनी काढलं, गुंतवणूकदारांना तीन मुद्द्यांत गोष्ट सांगता यावी म्हणून. दुसरं, त्याच्या पोटात तारीख, दर, रक्कम असलेली कलमं किती निघतात. रॉजरनॉमिक्समध्ये मुठीभर निघतात. कित्येकांत एकही निघत नाही, नुसता सूर निघतो. आणि तिसरं, त्यातलं कुठलं काम त्या नेत्याच्या हातात होतंच कुठे. व्याजदर मध्यवर्ती बँकेचा, पाऊस कुणाच्याच हातातला नाही, खनिज तेल तर परक्याचं.

आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं आर्थिक धोरण घ्या, त्याला कुणाचंच नाव नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर. शिरोळ-हातकणंगल्यापासून कागलपर्यंत कुठल्याही ऊसवाल्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल: २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ३५५, म्हणजे टनाला ३५५०, पायाभूत रिकव्हरी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा, १०.२५ टक्के. वर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे आले नाहीत तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं, पदरात पडायला मात्र भांडावं लागतं. २००९ मध्ये एसएमपी, म्हणजे आधीचा वैधानिक किमान दर, जाऊन एफआरपी आली तेव्हा दिल्लीत कोण मंत्री होते हे लोकांना आठवतं, पण दराला त्यांचं नाव कुणी चिकटवलं नाही. ज्याचा हिशेब रोज करायचा, त्याला लोक आकड्याने ओळखतात.

'शाहूनॉमिक्स' उच्चारून बघा. चार ठोके बरोबर भरतात, पाचरही लागत नाही. कलमंही आहेत: १९०२ चा नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा आदेश, १९०६ ची कापड गिरणी, १९१७ पासून सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, भोगावतीवरचं धरण. तरी तो शब्द कुणाच्या ओठांवर रुळला नाही, आणि बरं झालं. ज्या धोरणाला नाव द्यायचं ते इथे गावांना आणि पेठांना दिलं गेलं, तेही न कापता. गुळाची व्यापारपेठ वसली ती शाहूपुरी. धरणाजवळचं गाव महाराजांच्या लेकीच्या नावाने राधानगरी, मागचं पाणी राणीच्या नावाने लक्ष्मी तलाव, नवी पेठ वडिलांच्या नावाने जयसिंगपूर. धरणाचं काम पैशाअभावी मध्येच थांबलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली, तरी नाव तेच राहिलं.

जपानमध्ये २०२० च्या एप्रिलात आबे सरकारने करोनासाठी घरटी दोन कापडी मास्क पाठवायचं ठरवलं. ते आकाराने लहान निघाले, काहींवर डाग, काहींत किडे. लोकांनी त्यांना नाव दिलं 'आबे-नो-मास्क', आबेंचा मास्क. नियम पाळला, षष्ठी पाळली, ठोकेही जुळवले. आबेनॉमिक्सचे तीन बाण कोणते, हे विचारलं तर लोकांना आठवावं लागेल. घरात आलेले दोन मास्क आठवावे लागत नाहीत.